नलिनीच्या हातचे दागिने

हे मी आजवर कुणापाशीच बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, बहिणीपाशी नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा हा विषय शिताफीने टाळत आले — त्याला ठाऊक असणारच, मग कशाला उगाळायचं? तुम्ही आपले वाटलात म्हणून सांगते आहे. नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे.

बुलढाण्यात आमच्या भागात मी हलव्याच्या दागिन्यांसाठी ओळखली जाते. नव्या सुनेची पहिली संक्रांत आली, की काळ्या साडीवर घालायचे ते पांढरेशुभ्र दागिने — हार, बाजूबंद, बिंदी, कमरपट्टा — आमच्या घरून भेट म्हणून जातात. बायका दारात थांबून सांगतात, तुमच्या हाताला काय गुण आहे हो. आणि मी पदर सारखा करत हसते. इतकं छान हसते, की कधीकधी माझं मलाच खरं वाटतं.

ते दागिने नलिनी करते. माझी धाकटी जाऊ.

कशी करते, ते तुम्ही बघायला हवं होतं. पौषातली सकाळ, आमच्या पठारावरची थंडी, मागच्या अंगणात मंद शेगडी, तिच्यावर पितळी परात. परातीत भाजलेले तीळ. चमच्याने थेंब थेंब पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं — तासन्‌तास, दिवसचे दिवस. हळूहळू एकेका तिळावर काटा फुलतो. परातीतून बारीक सळसळ येत राहते, उन्हात साखरेची वाफ तरंगते, नलिनीचे डोळे अर्धे मिटलेले असतात. कुठे असते ती त्या वेळी? मी शेजारी नुसती बसायचे आणि मलाही गुंगी यायची. वाटायचं, सगळं जगच असं पांढरं, हलकं होत चाललंय. मग ती एकेक दाणा चंदेरी दोऱ्याच्या गाठीत धरायची. तिच्या बोटांची टोकं भाजून कडक झाली आहेत. माझी बोटं — बघा ना, किती मऊ आहेत.

धाकटे भाऊजी अपघातात गेले, तेव्हा नलिनी तिशीचीही नव्हती. नव्या सुनेच्या अंगावर पहिलं लेणं सवाष्णीच्या हातचं हवं, असं आमच्याकडे मानतात. मग हे नलिनीने केलं, असं सांगायचं कसं? कुणी ते दागिने घेतलेच नसते. म्हणून मी गप्प राहिले, तिच्याच भल्यासाठी — असं स्वतःला किती वर्षं सांगितलं! आयत्या बिळावर नागोबा होऊन बसले आणि वर म्हणे, बिळाची राखण करतेय.

एक दिवस तेही निमित्त उरलं नाही.

शेजारच्या घरात देऊळघाटची सून आली होती. दवाखान्यात नोकरी करणारी, मोकळ्या बोलण्याची. हळदीकुंकवाच्या दिवशी मी दागिन्यांचं ताट घेऊन गेले. नलिनीला बोलावणं नसायचंच, पण त्या दिवशी ताटं दोन होती, म्हणून तीही माझ्या मागे आली. कमरपट्ट्यावरून बोट फिरवत ती पोरगी म्हणाली, "ज्यायनं हे केले ना, त्यायच्याच हातानं मले घालाचे हायेत."

मी तिच्या सासूकडे पाहिलं. त्या बाईला बहुतेक अंदाज होताच. ती शांतपणे म्हणाली, "कोणी बी केले असो. या म्हणा त्यायले पुढं."

नलिनीने ताट खाली ठेवलं. पदराला हात पुसले. एक पाऊल पुढे टाकलं — अगदी एकच.

आणि मी म्हणाले, "मीच केले."

का? कुणी अडवत होतं का? खोली भरून बायका होत्या, त्यातली एकही काही बोलली नव्हती. मला ते कौतुक हवं होतं. दुसऱ्या कुणाकडे जाताना ते मला बघवलं नसतं. इतकंच — याहून मोठं काही नाही. नलिनी मागे सरली आणि चहाचं बघायला आत गेली. घरी आल्यावर ती काही बोलेल, म्हणून मी दोन दिवस धास्तावलेली होते.  पुढच्या वर्षी तिने परत परात काढली.

यंदा माझ्याच घरात सून आली, मोताळ्याची. नलिनीने तिच्यासाठी असा हार केला, की बघत राहावं. सूनबाईने तिला परातीशी बसलेलं पाहिलं होतं. आरशासमोर उभी राहून तिने विचारलं, "काकू, तुमीच केले न हे?" आता सगळं बाहेर येणार, म्हणून मला भीती वाटली — आणि खरं सांगू, थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

नलिनी माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाही वं बाई. तुह्या सासूनं केले. माह्यं काम निसतं पाक कराचं."

 सूनबाई वळली आणि तिने वाकून नमस्कार केला. मला. मी तो घेतला.