अफ्राकोमाची अक्षरं

शनिवारी भाड्याच्या सगळ्या ट्रोट्रो गाड्या अंत्यविधींना गेलेल्या. माम्पोंगहून चर्चच्या वडीलमंडळींसमोर निवाड्याला निघालेल्या दोघी अर्धा रस्ता तुडवून झाला तरी पायीच होत्या, आणि एकमेकींशी धड बोलत नव्हत्या.

दुफिए चर्चची चिटणीस. तिच्या पिशवीत तक्रारअर्ज होता: अफ्राकोमा चोरीच्या सॉफ्टवेअरवर मृतांचे फलक बनवते. वडीलमंडळींना ते पटलं तर चर्चची छपाई तिच्याकडून जाणार.

अफ्राकोमा पूर्वी कोर्टाबाहेर बसून अर्ज टाइप करायची. टाइपरायटर भंगारात गेला तेव्हा पन्नाशीत एकटीच कॉम्प्युटर शिकली. गावातल्या निम्म्या मेलेल्यांचे चेहरे तिने भिंतींवर लावले, पण जिवंत माणसांशी तिचं कधी पटलं नाही.

"चोर म्हणतेस मला?"

"मी नाही. बेदिआको म्हणतो."

"समोरचा दुकानवाला? अगं, त्याचा प्रोग्रॅम पैसे मोजून घ्यायचा, आणि त्यानं तो कुलूप फोडून फुकट घेतलाय! माझा ज्यांनी बनवला त्यांनीच लिहून ठेवलंय, वापरा, बदला, त्यावर पोट भरा. फरक कळतो का, सिस्टर?"

"फुकट ते फुकट."

"झालं! महिनाभर चाखायला दिलेलं वेगळं, फक्त घरी वापरायला दिलेलं वेगळं. उतरवून घेण्याआधी अटी वाचायच्या असतात. त्याला डोळे लागतात, नुसती चर्चची टोपी नाही."

दुफिएची कानशिलं तापली. "मग तुझ्या फलकांवरची ती वळणदार अक्षरं, तो फॉन्ट? बेदिआकोनं अर्जाला त्यांचा परवानाच जोडलाय. केवळ वैयक्तिक वापरासाठी."

अफ्राकोमा थबकली. "मग? गिऱ्हाइकाच्या आईचं मरण त्याच्या घरचं नाही तर कोणाचं?"

"मरण घरचं. पण फलकाचे पैसे तू घेतेस."

अफ्राकोमा झपाझप पुढे चालू लागली. दुफिएनं मनात देवाचं नाव घेतलं, तरी दया काही आली नाही.

वडीलमंडळींच्या फाटकाशी अफ्राकोमानं दुफिएचं मनगट घट्ट धरलं.

"तू मला पाण्यात पाहतेस, पाहा. पण आत जाण्याआधी कागद काढ. अक्षरं मी अकरा वर्षं नियम मोडून वापरली, असं लिही. आणि प्रोग्रॅम चोरीचा नव्हता, हेही लिही. त्याच पानावर. आत्ता, माझ्यासमोर."