नसलेल्या बहिणीसाठी मुळी

मला बहीण नाही. तरी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एक अख्खा हिवाळा पोंभुर्ण्याजवळच्या खेड्यात मी दर आठवड्याला धाकट्या बहिणीची तब्येत सांगत होतो.

नागपूरच्या कॉलेजात माझा प्रबंध चालू होता. जीव घाबरणाऱ्या माणसाला त्या भागात एका झुडपाची मुळी देतात. तिचा अर्क काढायचा, उंदरांना द्यायचा आणि उंचावरच्या लाकडी फळ्यांवर त्यांना सोडायचं. घाबरलेला उंदीर दोन्ही बाजूंनी भिंत असलेल्या फळीवर दबून बसतो, निवांत झालेला उघड्या फळीवर येतो. मुळी मिळाली नाही तर दोन वर्षं पाण्यात. आणि ती खोदून देणारी एकच म्हातारी बाई होती, ती पहिल्याच दिवशी अडून बसली.

"कोनासाठी पायजे?"

"तपासाले पायजे, बाई."

"तपासाले नाई निंघत. ज्याचा जीव घाबरते त्याचं नाव घेऊन खोदा लागते, बापू. नाई तं ते नुसतं लाकूड."

मी भयंकर चिडलो. उंदरांची नावं सांगू की काय हिला? शेवटी एक बहीण काढली, तिला नाव दिलं, आणि ओंजळभर मुळी मिळाली.

एका ओंजळीनं भागणार नव्हतं. पुढच्या आठवड्यात गेलो तर मुळीआधी विचारपूस. "कशी हाय आता तुही बहीण?" बरी आहे म्हटलं असतं तर मुळी बंद. म्हणजे बहिणीला आजारी ठेवणं आलं. खोटं बोलायलाही माल लागतो. माझ्याकडे दुसरा कुठला नव्हता, म्हणून स्वतःचाच दिला. दिवस कलला की तिची छाती धडधडते. हात गार पडतात. दाराबाहेर पाऊल वाजलं की कोणी येतंय असं वाटतं, आणि कोणी येत नाही.

मी ऊर्जानगरच्या वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये वाढलो. तिथं शेजारच्या कुकरची शिट्टी आपल्याच घरातली वाटायची. इथं रेशन दुकानामागच्या खोलीत मी नि वाळत घातलेली मुळी. गावात मला सगळे 'मुळीवाले साहेब' म्हणत; नाव कोणी विचारलं नाही. मला फार एकटं वाटायचं. पण भीतीवरचं औषध शोधणाराच भितो, हे सांगायचं कोणाला?

"तिच्यापाशी कोन रायते?" बाईनं एकदा विचारलं.

"कोणी नाई," मी म्हणालो, आणि पायातल्या चपलेकडे बघत राहिलो.

होळीच्या आधी पोतं भरलं. निरोप घ्यायला गेलो तेव्हा बाई अंगणात मोहफुलं पसरत होती. पुरे झाली मुळी, उद्या जातो, म्हणालो. तिनं हात पुसले.

"बरं वाटते का आता?"

"बहिणीले? हो, थोडं..."

"तुले इचारून राह्यली मी. दुसऱ्या हप्त्यातच तुह्या घरमालकाले नाव इचारलं तुहं. तवापासून तुह्याच नावानं खोदली सारी."

घरमालक सोडला तर अख्ख्या गावात माझं नाव एकीलाच माहीत होतं, आणि ती ते रानात जाऊन घेत होती.

"रोज खाल्ली ना?"

"नाई," मी म्हणालो.

"एक बी नाई?"

मी मान हलवली. सगळी उंदरांसाठी जपून ठेवली होती, आकडा कमी पडू नये म्हणून.

"मंग कसं बरं वाटन, बापू?" असं म्हणून तिनं फुलं बाजूला सारून मला बसायला जागा केली. मी तिथं बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. उशाशी पोतंभर औषध ठेवून अख्खा हिवाळा मी घाबरत काढला होता.