गौरीच्या केसांतली पांढरी बट

मूर्तिकारांच्या जोहे गावात गौरीच्या मुखवट्यांचे डोळे आखावेत ते सगुणाबाईनेच. महिपतीच्या कारखान्यात तिची उभी हयात गेली, पण प्रत्येक गौरीला ती आपल्या लेकीचे, शकूचे डोळे काढते, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. रोह्याला दिलेली शकू पहिल्याच बाळंतपणात गेली, ऐन विशीत. तेव्हापासून दर भादव्यात ती विशीतलीच राहून लोकांच्या घरी माहेरपणाला जायची. स्वतःच्या घरी गौर आणणं सगुणाबाईने सोडलं होतं.

यंदा नातवाच्या लग्नाआधी सून कलप घेऊन आली. "लावू द्या ना, आई. फोटोत म्हाताऱ्या दिसाल."

"दिसू दे! म्हातारी झाले, चोरी नाय केली!" सगुणाबाई फणकारली. आरशासमोर केसांवरून हात फिरवताना मात्र तिचा हात थांबला. शकूचेही केस आता पिकायला लागले असते. त्या पोरीच्या नशिबी एकही पांढरा केस नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने एका गौरीच्या डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या ओढल्या, कपाळावर पांढरी बट काढली. गौर कधी नव्हे इतकी देखणी दिसली.

महिपती हबकलाच. "अगो काकी, म्हातारी गौर कोण घरात घेईल? पूस ते!"

सगुणाबाईने मुखवटा पदराखाली घेतला.

"मी घेईन. माझी लेक एकदा तरी म्हातारी होऊन माहेरी येऊ दे की रे."