आक्काच्या गावचा हातपंप

"पाणी न्हाई, यंदा येऊ नको," असं माझी थोरली बहीण आक्का फोनवर म्हणाली, म्हणूनच मी निघाले. नांदेड ते उदगीर, कंधार-जांब मार्गे एसटीनं तीन-साडेतीन तास. पुढं गावापर्यंत शेअर जीप. मार्चमध्ये जाणार असाल तर पाणी सोबत ठेवा. वाटेत हॉटेलवाले चहा देतात, पण पाण्याचा ग्लास विचारूनच.

एसटीत मागं दोघं बोलत होते.

"उदगीर जिल्हा होणार म्हणून राहिले."

"होऊ दे की. आधी नळाला पाणी येऊ दे म्हणावं."

आक्काकडं पोचले तर गावातला पाणी असलेला एकमेव हातपंप बंद. दांडा हलायचा, पाणी चढायचं नाही. आक्काची रोजची दुपार शेजारच्या गावाहून घागरी वाहण्यात जायची. पंचायतीकडून दुरुस्ती शिकलेली कमलबाई म्हणाली, "खालचं वायसर गेलंय. सगळे पाइप वर काढावं लागतेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी खाऊन आम्ही सात जणी दोराला लागलो. पंपावर उभ्या केलेल्या तीन पायांच्या तिकाटण्याच्या कप्पीवरून दोर ओढायचा, एक पाइप वर आला की कमलबाई खालचा शिकंज्यात आवळणार, वरचा सोडवणार. मी शाळेत यांत्रिक ऊर्जा शिकवते. तिचं वजन खांद्यांना पहिल्यांदाच कळलं.

सहाव्या पाइपला माझ्या घामेजल्या हातातून दोर सटकला. पुढच्या दोघी कोलमडल्या. पाइप खडखडत खाली निघाले.

"गेला बोअर!" आक्का किंचाळली.

कमलबाईनं शिकंज्याच्या दांड्यावर अख्खं अंग टाकलं. लोखंड करकरलं आणि थांबलं. मला रडू फुटलं.

"रडू नका मास्तरीणबाई, धरलंय म्या. दोर घ्या आधी."

वायसर बदलून सगळं पुन्हा खाली सोडेपर्यंत ऊन कलंडलं. आक्कानं दांडा मारायला घेतला. वीस, तीस, नुसताच खडखडाट. मग आत घुर्र झालं, तांबडं पाणी आलं, आणि मग स्वच्छ. पहिली घागर बायांनी कमलबाईच्या डोक्यावर ठेवली. आक्का पंपाजवळच फतकल मारून बसली आणि हसतच सुटली.

नांदेडला परतल्यावर वर्गात खडू धरवेना, तळवे सोलले होते. पोरींनी विचारलं. तासभर पंपाचीच गोष्ट चालली, पुस्तक उघडलंच नाही.

रविवारी आक्काला फोन केला. भाच्यानं उचलला, हळू आवाजात म्हणाला, "मावशी, नंतर कर. आई दुपारची झोपलीय."