भावाच्या दुकानाची बातमी

आमच्या ह्यांच्या पायाला भिंगरी आहे. सकाळचा चहा अर्धा टाकून उठतात, चपला सरकवतात आणि निघतात पेठेत. ह्यांचं स्वतःचं बाजारपत्रक आहे. दर सोमवारी निघतं, एकच पान, दोन्ही बाजूंनी छापलेलं. कोणी नवं दुकान टाकलं, कोणाच्या भागीदारीत बिनसलं, कोणाच्या मुलाने गल्ल्याचा ताबा घेतला, सगळं त्यात. गाव एवढंसं, पण ते पान वाचल्याशिवाय एकाही दुकानदाराची सोमवारची सकाळ सरत नाही. जाहिरातींवर छपाई निघते, आणि घर चालतं माझ्या सुई-दोरा, बटणं, लेसच्या दुकानावर. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. बरं, थोडासा आहे टोमणा.

ह्यांची पद्धत अशी की कोणाला काही विचारायचं नाही. "दुकानदाराला विचारलं की तो थापा मारतो," म्हणतात. "मुलगी बघायला आलेल्यांना तेजी सांगतो आणि वर्गणी मागायला आलेल्यांना मंदी. मी आपला रस्त्यावरून बघतो." शटर कोणाचं उशिरा उघडलं, नोकर कोणी कमी केला, माल कोणाच्या दारात उतरला, एवढं बघायचं की बातमी तयार. बहुतेक वेळा खरीही निघायची, त्यामुळे स्वारी हवेत. वर घरच्यांनाही सोडायचं नाही. सख्ख्या काकांची पिठाची गिरणी बसली तेव्हा तीही छापली. काका वर्षभर आमच्या घरची पायरी चढले नाहीत, पण पेठेचा मात्र ह्यांच्या शब्दावर विश्वास बसला तो बसलाच.

माझा धाकटा भाऊ शिंपी. पेठेच्या टोकाला त्याचं दुकान. इकडचं तिकडचं काम असतंच, पण त्याचं वर्ष निघतं ते शाळेच्या गणवेशांवर. यंदा ते काम झटपट उरकावं म्हणून त्याने दोन्ही मशीन मोटर बसवायला पाठवल्या. मला त्याने आधीच सांगितलं होतं. ह्यांनी बघितलं ते एवढंच की दारात टेम्पो उभा आहे, टेम्पोत दोन मशीन आहेत आणि शटर अर्धं ओढलेलं आहे.

सोमवारी पत्रक वाटून झाल्यावर ते माझ्या हाती आलं. 'पेठेतील जुने शिवणकामाचे दुकान बंद होण्याच्या मार्गावर. यंत्रे हलवली.'  एक गिऱ्हाईक बाई समोर लेस मापून मागत होती, तिला तशीच उभी ठेवून मी आत घरात गेले.

"हे काय छापलंत?"

"तुला वाईट वाटेल म्हणून आधी बोललो नाही," हे म्हणाले. आवाजात चक्क माया.

"मला वाईट वाटेल म्हणून मला नाही सांगितलं आणि सगळ्या गावाला सांगितलं? अहो, मोटर बसवायला गेल्यात त्या मशीन. मी काय घरात नव्हते विचारायला?"

ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला. मग म्हणाले, "तो तरी बोलला का मला? मला वाटलं, मेव्हणा लपवतोय माझ्यापासून." म्हणजे रुसवा होता तर. पन्नाशी उलटली तरी माणसं रुसतात आणि भोगायचं दुसऱ्यांनी.

दुपारपर्यंत लोक भावाकडे जाऊन न कापलेलं कापड परत घेऊ लागले. कोणी भांडलं नाही, सगळे गोड बोलून, डोळे चुकवून. हे घरात येरझाऱ्या घालत होते. बसायचे, उठायचे, खिडकीशी जायचे. सोमवारची वाट न बघता मधल्या वारीच ह्यांनी दुरुस्तीचं पान काढलं आणि दारोदार स्वतः वाटलं. 'सदर बातमी चुकीची होती. दुकान उत्तम चालू आहे.'

लोकांनी वाचलं आणि मान हलवली. भांडीवाला माझ्या तोंडावर म्हणाला, "वहिनी, कळतं हो आम्हाला. मेव्हणा पडला. बायकोने कान धरल्यावर लिहावंच लागणार."  ह्यांनी आयुष्यभर घरच्यांना सोडलं नाही म्हणून पहिली बातमी खरी ठरली आणि दुसरी खोटी. अशी गंमत कोणाच्या वाट्याला येऊ नये.

शेवटी गणवेशांच्या कामासाठी आम्ही दोघं शाळेत गेलो. मुख्याध्यापिका बाईंच्या टेबलावर गणवेशाच्या कापडाचे नमुने पडलेले. हे उभ्या उभ्याच बोलायला लागले, खुर्ची दिली तरी बसेनात. "बाई, चूक माझी आहे. मी त्याला विचारलंच नाही. रस्त्यावरून बघितलं आणि लिहिलं."

बाईंनी चष्मा काढला. "विचारायला पाच मिनिटं लागली असती ना हो?"

"हो."

"आम्ही काम दुसऱ्याला दिलं. त्याने कापड कापायलाही घेतलं. आता त्याच्याकडून काढून घेऊ, तर तो काय म्हणेल?"

 बाईंचा मला राग आला आणि रागवायला काही जागाही सापडली नाही.

तिथून आम्ही थेट भावाकडे. मशीन परत आल्या होत्या. भाऊ एकीवर उगाच चिंधी सरकवत बसला होता, नुसती मोटर चालवून बघत. ह्यांनी सगळं सांगितलं, त्याच्या हाताला हात लावला, माफी मागितली. मी ह्यांना कोणाची माफी मागताना पहिल्यांदाच बघत होते.

"असू द्या, भाऊजी," भाऊ म्हणाला. "शहरातल्या कारखान्यात शिलाईला माणसं हवीत. मी त्यांना हो म्हटलंय. तुम्ही फक्त येत्या सोमवारी एक छापा. दोन मशीन विकणे आहे, मोटर नवीकोरी. तुमच्या पत्रकात आलं की गिऱ्हाईक लगेच मिळेल."

"मी नाही छापणार," हे म्हणाले.

"छापा हो. तुमचं लोक खरं मानतात."

तो हे मनापासून म्हणाला, त्यात टोचणी नव्हती. ह्यांनी खिशातून कागद काढला, पेन काढलं, आणि एक अक्षर उमटेना. कागद गुडघ्यावर, हात कागदावर, आणि माणूस दाराकडे बघतोय. मी तो कागद ओढून घेतला आणि लिहायला बसले. मशीन, मोटर, पत्ता, सगळं लिहिलं. दुकान बंद झाल्याचंही लिहायला हवं होतं, नाहीतर लोक कापड घेऊन हेलपाटे घालतील असं भाऊच म्हणाला.

"कधीपासून बंद लिहू?" मी विचारलं.

भावाने मोटरचं बटण बंद केलं. "ती बातमी आली त्या सोमवारपासूनच लिही, ताई."

मी तीच तारीख घातली.