काकांची जादा वायर

अख्ख्या सिडनीत अठराव्या शतकातला फ्रेंच ऑपेरा ऐकत पोळ्या लाटणारा मराठी माणूस एकच, आणि तो आमच्या लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. फ्रेंच 'बोंजूर'पलीकडे येत नव्हतं, तरी शिफ्ट संपली की वेस्टमीड हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये गाडीच्या काचा वर करून ते तोच एक ऑपेरा असा काही गात, की एकदा सिक्युरिटीवाल्याने काच ठोठावून विचारलं, "यू ओके, मेट?" काकांनी त्याला शेजारी बसवून सगळी गोष्ट ऐकवली. ग्रीकांचे दोन जुळे भाऊ, एक अमर, दुसरा आपल्यासारखा. दुसरा मेला, तर अमर भाऊ त्याच्या जागी राहायला पाताळात उतरला. त्या माणसाने पुन्हा कधी काच ठोठावली नाही. "आपलं नाट्यसंगीतच रे हे," काका मला म्हणत, "फक्त तबलजी रजेवर आहे."

त्यांचा धाकटा भाऊ साताऱ्यात वारला तेव्हा साथीमुळे विमानं बंद होती. काकांना जाता आलं नाही. मग वर्षभर खपून त्यांनी त्या ऑपेऱ्यातलं अमर भावाचं गाणं इंग्रजी भाषांतरावरून मराठीत आणलं आणि इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात दहा मिनिटं मागितली. "त्याच्यासाठी एकदा चारचौघांत म्हणायचंय."

कार्यक्रम माझ्याकडे होता. मुलांचे नाच लांबले होते, जेवण निवत होतं, हॉल चारला सोडायचा होता. काका दुसऱ्या ओळीवर असताना मी मागे जाऊन माइकची वायर काढली, आणि स्टेजवर येऊन म्हणालो, "सॉरी काका, सिस्टिम गेली." त्यांनी कागदाची घडी केली, "नो वरीज" म्हणाले आणि पुऱ्या वाढायला गेले.

तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमाला काकांच्या खिशात एक जादा वायर असायची. "दुसऱ्या कुणाचं अडायला नको." स्वतःसाठी मात्र त्यांनी पुन्हा वेळ मागितली नाही. मुलीकडे दूर स्प्रिंगफील्ड लेक्सला राहायला गेले, तेव्हा ती वायर त्यांनी माझ्याच हातात दिली. मी तेव्हाही खरं सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात त्याच कार पार्कमधून काकांना फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. मग म्हणाले, "कुठल्या ओळीवर थांबलो होतो?"

"दुसऱ्या."

"मग पहिल्यापासूनच घेतो. आता घाई नाही ना तुला?"

आवाज थकलाय त्यांचा, मध्ये मध्ये दम घ्यावा लागतो. मी काचा वर करून घेतल्या.