सोयाबीन उडालं पाहिजे

लहानपणी माझी दिवाळी कधी घरी झाली नाही. दसरा झाला की आई-अप्पा ऊस तोडायला निघायचे आणि मी ट्रॉलीत भांड्याकुंड्यांवर बसलेली असायचे. मग कारखान्याजवळ कोपी, म्हणजे उसाच्या पाचटाची झोपडी, पहाटेच्या थंडीत उसाचा फड आणि माझी शाळा अर्धी. नवरा-बायको मिळून 'एक कोयता', अशी मुकादमाची मोजणी. माणसं म्हणून मोजायची पद्धतच नव्हती.

पुढं मावशीकडं राहून मी शाळा पुरी केली आणि बीडला बी.एस्सी.ला गेले. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

शेवटच्या वर्षी मी ठरवलं, यंदा आई-अप्पांना ऊसतोडीला जाऊ द्यायचं नाही. गावात सोयाबीन निघालं होतं, आणि माती-कचरा दिसला की सिरसाळ्याचे व्यापारी भाव पाडतात. आपण गावाचं सोयाबीन चाळून द्यायचं, पोत्यामागं मजुरी घ्यायची. अप्पांनी भंगारातून मोटारसायकलच्या स्प्रिंगा आणल्या. त्यांच्यावर मोठी लोखंडी चाळणी बसवली, तिच्या पोटाला जुनी मोटर. मोटरीच्या चाकावर एकाच बाजूला लोखंडाचा तुकडा आवळला. चाक फिरलं की तो चाळणीला झटके देणार.

नेमका त्याच दिवशी मुकादम ओट्यावर येऊन बसला. "कोयता धरू का न्हाई ते सांगा. न्हाईतर मला दुसरं जोडपं बघावं लागंल."

"पोरीचं मशीन तर बघा," अप्पा म्हणाले.

मी बटण दाबलं. सोयाबीन चाळणीवरून उडून थेट रस्त्यावर.

"चांगलं हाय," मुकादम म्हणाला. "कोंबड्यांला लई आवडलंय."

मी तो तुकडा चाकाच्या मध्याकडं सरकवला. झटका कमी झाला, दाणे जागच्या जागी नाचू लागले, खाली माती गळू लागली. तेवढ्यात आईनं अख्खं पोतं वर ओतलं. चाळणी गप्प.

तिचं काय चुकलं? टनावर पैसे मिळतात तिथं ट्रॉली शिगोशीग भरायची, ही तिच्या हाताची सवय.

"एवढं मोठं मशीन, अन् एक पोतं जड व्हतंय त्याला?"

मी तिला खाली वाकून स्प्रिंग बघायला लावली. वेढे एकमेकांना चिकटले होते. "वजनानं ती पुरती दबलीय. खाली जायला जागाच नाही, मग उसळंल कुठून?"

"मंग?"

"निम्मं काढ."

आईनं घमेल्यानं निम्मं काढलं. वेढ्यांमध्ये फट दिसली. मी सांगितलं, चाळणीनं या फटीतच हालायचं, जास्त हालली तर वेढे आपटतील. पण इतकी जोरात खाली गेली पाहिजे की दाणा मागं हवेत राहील. तो सुटला की त्याच्याखालची माती गळते. कॉलेजात याचं सूत्र आहे. घरी आम्ही नुसतं 'उडी' म्हणतो.

आई घमेलं-घमेलं टाकत गेली. पहिलं पोतं भरलं तेव्हा मुकादमानं त्यातली मूठ उचलून फुंकर मारली. धूळ उडाली नाही.

"आमचंबी चाळून देता का?" तो म्हणाला. "अन् कोयत्याचं काय?"

"नका धरू," आई अप्पांच्या आधी बोलली.

त्या साली आई-अप्पा ऊसतोडीला गेले नाहीत. त्यानंतरही कधी गेले नाहीत.